आतून उघडणारे दार

आमच्या नागापुरात रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास एक ठरावीक आवाज ऐकू येतो. एकामागून एक लोखंडी जाळीचे दरवाजे सरकतात, कड्या पडतात, कुलपांचे खटके बसतात. एम.आय.डी.सी.तील दुसऱ्या पाळीचे कामगार अजून परतायचे असतात, मनमाड रस्त्यावरची अवजड वाहतूक चालूच असते आणि घरोघरची वडीलधारी मंडळी किल्ल्यांचा जुडगा उशाखाली ठेवून अंथरुणाला पाठ टेकतात.

या वस्तीत गेली अनेक वर्षे मी दवाखाना चालवतो. रात्री-अपरात्री कुणाला दम लागला, कुणी न्हाणीघरात पडले, तर बॅग उचलून जावे लागते. दारावर थाप मारली की आतून प्रश्न येतो, ‘‘कोण आहे?’’ मग दिवा लागतो, चष्मा शोधला जातो, किल्ली शोधली जाते, लाकडी दाराचे लॅच, वरची कडी, खालची कडी आणि शेवटी जाळीच्या दाराचे कुलूप उघडते. पूर्वी या सगळ्या खटाटोपाचे मला कौतुक वाटे. माणसे सुरक्षित आहेत, असे वाटे. आता मी बाहेर उभा राहून मनगटावरच्या घड्याळाकडे पाहतो. दोन मिनिटे, कधी तीन, कधी त्याहूनही अधिक. हा बदल माझ्यात का झाला, ते सांगण्यासाठीच आजचा हा लेख.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीतली तीन बंद घरे एका रात्रीत फुटली. आमचे घर पहिल्या मजल्यावर, दार एकच. भीती सर्वांच्याच मनात बसली. पुढच्या आठवड्यात फॅब्रिकेशनवाल्याला बोलावून मी सगळ्या खिडक्यांना आणि दोन्ही गॅलऱ्यांना जाड गजांची जाळी बसवून घेतली. ‘‘एखादी उघडती झडप ठेवायची का, डॉक्टर?’’ असे त्याने विचारले होते. ‘‘झडप ठेवली तर चोर तिथूनच येईल,’’ असे उत्तर मी मोठ्या आत्मविश्वासाने दिले. काम पाहून मला समाधान वाटले. त्या समाधानात मी स्वतःच्या घराची बाहेर पडण्याची प्रत्येक वाट बंद केली होती, हे माझ्या ध्यानात आले नाही.

त्यानंतर आईची स्मृती हळूहळू ओसरू लागली. वय ब्याऐंशी. सुरुवातीला नावे विसरायची, मग जेवल्याचे विसरायची. एके दुपारी ती कुणाला न सांगता घराबाहेर पडली आणि मालमोटारींच्या गर्दीत मनमाड रस्त्याच्या कडेला उभी असलेली एका ओळखीच्या रिक्षावाल्याला दिसली. तिला माहेरी जायचे होते. तिचे माहेर सुटून साठ वर्षे झाली होती. त्या दिवसापासून आम्ही दोघेही बाहेर असलो की जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावू लागलो. एक किल्ली माझ्याकडे, एक पत्नीकडे. खरे सांगायचे तर हा उपाय मी दवाखान्यात येणाऱ्या अनेक कुटुंबांनाही सुचवला होता. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचे नातेवाईक हताश होऊन विचारत, ‘‘काय करावे?’’ आणि मी म्हणत असे, ‘‘थोड्या वेळासाठी जायचे असेल तर बाहेरून कुलूप लावून जा. निदान रस्त्यावर तरी जाणार नाहीत.’’

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी संध्याकाळी पत्नी पूजेसाठी फळे आणायला गेली. पाव तासाचा प्रश्न होता. मी दवाखान्यात होतो. थंडीमुळे खिडक्या लावलेल्या होत्या. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावण्याची आईची सवय स्मृती गेली तरी गेली नव्हती. काडेपेटी आम्ही लपवून ठेवत असू, ती तिने शोधून काढली. निरांजन लावले. त्याची ज्योत देव्हाऱ्याच्या कपड्याला लागली, तिथून पडद्याला, पडद्यावरून सोफ्याच्या फोमला.

समोरच्या काकूंना खिडकीच्या फटीतून काळा धूर दिसला. त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी एका रुग्णाचा रक्तदाब पाहत होतो. दवाखाना ते घर हे पाच मिनिटांचे अंतर मी कसे गाठले, ते आठवत नाही. एवढे मात्र आठवते की जाळीच्या दारासमोर उभा राहून मी किल्ली कुलपात घालत होतो आणि ती जात नव्हती. इतक्या वर्षांत अनेकांच्या शिरा या हातांना अंधारातही सापडल्या, त्या हातांना स्वतःच्या घराचे कुलूप सापडेना. शेवटी शेजारच्या तरुणाने मला बाजूला सारले आणि पहारीने कडीच उचकटली.

आई न्हाणीघरात होती. आग पाहून ती पाणी आणायला गेली, नळ सोडला, नेहमीच्या सवयीने दार लोटून घेतले आणि पुढे काय करायचे ते विसरून स्टुलावर बसून राहिली. त्या लोटलेल्या दाराने आणि फरशीवर वाहणाऱ्या पाण्याने तिला वाचवले. मी तिला उचलले तेव्हा तिने विचारले, ‘‘दार का रे लावलंस बाहेरून?’’ तिला अनेक गोष्टी आठवत नव्हत्या, ही मात्र नेमकी कळली होती.

डॉक्टर म्हणून दुसरी चूक करण्याच्या बेतात मी होतो, तीही सांगतो. शेजाऱ्यांच्या घरी बसवून मी तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा सत्त्याण्णव. क्षणभर हायसे वाटले. पण तिचे डोके दुखत होते, मळमळत होते, ती नेहमीपेक्षा अधिक गोंधळलेली होती. तेव्हा विद्यार्थिदशेत शिकलेली गोष्ट आठवली. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या तुलनेत दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. साधा ऑक्सिमीटर या दोघांत फरक करू शकत नाही, त्यामुळे रक्तात ऑक्सिजन कमी असतानाही आकडा चांगला दिसतो. आम्ही तिला रुग्णालयात हलवले. शुद्ध ऑक्सिजन दिला की हा वायू साधारण तासा-दीड तासात निम्म्यावर येतो, नुसत्या हवेवर त्याला चार-पाच तास लागतात. तीन दिवसांनी आई घरी आली. म्हणून सांगतो, धुरात सापडलेल्या माणसाचा आकडा चांगला असला तरी त्याला घरी ठेवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आगीत माणूस भाजून मरतो अशी आपली समजूत असते. पुष्कळदा ज्वाळा पोहोचण्याआधी धूरच त्याला गाठतो. आपण नगरकरांनी हे फार जवळून पाहिले आहे. ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीजेचा दिवस. नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली. कोरोनातून सावरण्यासाठी झुंजणारे किमान अकरा रुग्ण त्यात गेले. त्यांतले बहुतेक वयस्कर होते. ज्यांना स्वतः उठून दारापर्यंत जाता येत नाही त्यांच्यासाठी धुराचे एकेक मिनिट काय असते, हे त्या दिवशी आपल्याला कळले.

पुढे ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात कपड्यांच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर झोपलेले एकाच कुटुंबातील सात जण गुदमरून गेले. १८ ऑगस्ट २०२५ रोजी मध्यरात्रीनंतर आपल्याच जिल्ह्यात नेवासा फाट्यावर फर्निचरचे दुकान पेटले आणि तिथेच राहणाऱ्या कुटुंबातील पाच जणांचा अंत झाला. त्यांत दोन लहान मुले होती आणि पंच्याऐंशीच्या घरातील एक आजीही. खाली दुकान आणि वर घर ही आपल्याकडील सर्वसामान्य रचना आहे. तिच्यात खालची आग हीच वरच्यांच्या जिन्याची वाट अडवते. दुसरी वाट नसेल तर माणसे आपल्याच घरात कोंडली जातात.

नेवासा फाट्याचा विचार करताना मला नेहमी एक गोष्ट जाणवते. नगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने निघाले की वाटेत घोडेगाव लागते आणि तिथून शनिशिंगणापूरला फाटा फुटतो. त्या गावातील घरांना परंपरेने दारेच नाहीत. चौकट असते, पडदा असतो, कुत्री-मांजरे आत येऊ नयेत म्हणून फार तर एखादी फळी टेकवलेली असते. चोराला शनिदेव पाहून घेतील, ही श्रद्धा. २०११ साली तिथे युको बँकेची शाखा उघडली, तेव्हा कुलपाशिवायची बँक म्हणून तिचा गाजावाजा झाला होता. अलीकडे तिथेही चोरीच्या तक्रारी झाल्या आहेत. आपण काही शिंगणापूरकर होऊ शकत नाही. आपल्याला दारे हवीत आणि कुलपेही हवीत. पण एकाच तालुक्यात दार नसलेली घरे आहेत आणि वेळेवर बाहेर पडता न आलेले एक घरही आहे. या दोन टोकांच्या मध्ये आपली शहाणी वाट कुठे असावी?

ती वाट आपल्या पूर्वजांना ठाऊक होती. जुन्या वाड्याचा मोठा दरवाजा रात्री आतून अडसराने बंद होई. तो अडसर बाहेरच्याला हलत नसे, पण आतल्या म्हातारीलाही तो किल्लीशिवाय सरकवता येई. मोठ्या दरवाजात एक लहान दिंडी दरवाजा असे. मागे परसदार असे. म्हणजे बंदोबस्तही होता आणि वाटाही होत्या. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत, आग व जीवितसुरक्षेच्या चौथ्या भागात, बाहेर पडण्याच्या दारांविषयी हेच तत्त्व सांगितले आहे. आतल्या माणसाला ते दार किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे. घरगुती भाषेत सांगायचे तर, दार असे असावे की बाहेरून किल्लीशिवाय उघडू नये आणि आतून किल्ली न लागता उघडावे.

या एका तत्त्वावर घर तपासून पाहिले की पुष्कळ गोष्टी सुधारता येतात. मी स्वतः काय केले ते सांगतो.

लाकडी दाराला आणि जाळीच्या दाराला आतून मुठीने फिरणारे लॅच बसवले. जाळीच्या दाराचे लॅच पत्र्याच्या पेटीत आहे, त्यामुळे बाहेरून गजांतून हात घालून ते फिरवता येत नाही. दाराच्या अगदी वरच्या आणि अगदी खालच्या कड्या काढून टाकल्या. खांदा वर न जाणाऱ्या आणि कंबर न वाकणाऱ्या माणसासाठी त्या कड्या कुलपासारख्याच असतात. दाराला पाहण्याचे भिंग आणि साखळी आहे. अनोळखी माणूस आला तर साखळी लावूनच बोलावे, ओळखपत्र पाहावे.

शयनगृहाच्या खिडकीच्या जाळीत माणूस निघू शकेल एवढी उघडती झडप करून घेतली. त्याच फॅब्रिकेशनवाल्याने ती केली आणि मागचा विषय काढला नाही, हा त्याचा मोठेपणा. झडपेला आतून कुलूप आहे. त्याची किल्ली खिडकीजवळच्या भिंतीवर एका ठरलेल्या खिळ्याला असते, आतल्याच्या हाताशी पण बाहेरून काठीलाही न लागेल अशा जागी. ती किल्ली दुसऱ्या कोणत्याही कामासाठी हलवायची नाही, असा घरात नियम आहे. झडपेसमोर कपाट, कुंड्या किंवा जुने सामान ठेवायचे नाही, हा दुसरा नियम. वृद्धांनी त्या झडपेतून उतरावे अशी अपेक्षा नाही. पण तिथे उभे राहून श्वास घेता येतो, हाक मारता येते आणि अग्निशमन दलाच्या जवानांना आत येता येते.

जिन्यातली जुनी वर्तमानपत्रे, चपलांचे कपाट आणि मोडकी सायकल आम्ही हलवली. विजेवर चालणारी दुचाकी रात्रभर जिन्याखाली चार्जिंगला लावू नये, यावर इमारतीतील सर्वांचे एकमत व्हायला तीन बैठका लागल्या. झाले ते बरे झाले. स्वयंपाकघराबाहेर बॅटरीवर चालणारा धुराचा गजर लावला. वयाबरोबर वासाची जाणीव मंदावते, ऐकू कमी येते, झोपेच्या गोळ्यांनी जाग उशिरा येते. धुराच्या वासाने जाग येईल यावर वृद्धांनी विसंबू नये. उशाशी चष्मा, काठी, विजेरी आणि फोन एका जागी असावेत.

ज्यांच्या घरी ऑक्सिजनचे यंत्र आहे त्यांनी त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, बिडी काहीही पेटवू नये. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण कपड्यांत आणि अंथरुणात मुरला की लहानशा ठिणगीचाही भडका होतो. गॅसचा वास आला तर विजेचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो.

आग लागलीच तर सामान गोळा करू नये. धूर वर जातो, म्हणून शक्य तितके खाली वाकून किंवा रांगत निघावे. निघताना मागचे दार लोटून घ्यावे. बंद दार आग आणि धूर काही काळ अडवते, हे मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिले. समोरचे दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू लावून पाहावी. ते गरम असेल तर उघडू नये. त्या खोलीतच थांबून दाराखालच्या फटीत ओला टॉवेल दाबावा, खिडकीशी जावे आणि १०१ किंवा ११२ क्रमांकावर फोन करावा. कपड्यांनी पेट घेतला तर धावू नये, जमिनीवर लोळावे. भाजलेल्या जागी वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांपैकी काही लावू नये.

चोरांविषयीही थोडे. चोर बहुधा रिकामे घर शोधतो. बाहेर लोंबणारे भले मोठे कुलूप आणि दारात साचलेली वर्तमानपत्रे त्याला घर रिकामे असल्याचे सांगतात. चार दिवस गावाला जायचे असेल तर शेजाऱ्यांना आणि पोलीस ठाण्याला कळवावे, दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत. प्रत्यक्ष चोर घरात शिरला तर वृद्धांनी त्याच्याशी झटू नये. सोने पुन्हा घेता येते.

आता सर्वांत कठीण प्रश्न. आतून उघडणारे दार असेल तर स्मृतिभ्रंश झालेले माणूस बाहेर जाणारच. त्यावर माझ्याकडे सोपे उत्तर नाही आणि कुलूप हे उत्तर होते, असे मी आता म्हणत नाही. अशा माणसाला घरात एकटे कोंडून जाऊ नये, पाव तासासाठीही नाही. आम्ही दिवसा सोबतीला एक ताई ठेवल्या. खर्च वाढला. ताईंची सुट्टी असते त्या दिवशी समोरच्या काकू येऊन बसतात आणि मी त्यांच्या यजमानांची तपासणी घरी जाऊन करतो. दाराला घुंगरांची माळ बांधली आहे, दार हलले की ती वाजते. दारावर भिंतीच्याच रंगाचा पडदा सोडला आहे, त्यामुळे दार चटकन नजरेत भरत नाही. आईच्या गळ्यातल्या पदकावर माझा फोन क्रमांक कोरला आहे. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार आणि रिक्षाथांब्यावरची मंडळी तिला ओळखतात. देव्हाऱ्यात आता विजेचा लहान दिवा आहे. तिन्हीसांजेला त्याचे बटण आईच लावते. तिला तो पुरतो.

ज्या कुटुंबांना मी पूर्वी बाहेरून कुलूप लावण्याचा सल्ला दिला होता, त्यांतील जी आठवली त्यांना मी फोन केले. काहींच्या घरची ती वडीलधारी माणसे आता हयात नव्हती. एका मुलीने शांतपणे सांगितले, ‘‘डॉक्टर, तुम्ही सांगितलं होतं तरी मला बाबांना कोंडणं जमलं नाही. मी नोकरीची वेळ बदलून घेतली.’’ त्या दिवशी मी त्या मुलीकडून शिकलो.

मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग आपल्याला ठाऊक आहेत. रुसून आत बसलेल्या भावाला बहीण दार उघडण्याची विनवणी करते. त्या ताटीला कुलूप नव्हते, आतल्याने मनात आणले की ती उघडणार होती. आपल्या घरांच्या दारांतही तेवढी सोय असावी, एवढेच माझे मागणे आहे.

आज रात्री झोपण्यापूर्वी एक करा. घरातील सर्वांत वयस्कर माणसाला सांगा, की दिवे घालवून, अंथरुणातून उठून, एकट्याने घराचे दार उघडून दाखवा. आपण शेजारी उभे राहा आणि मनात आकडे मोजा. तीस म्हणेपर्यंत दार उघडले नाही, तर उद्या सकाळी सुताराला किंवा फॅब्रिकेशनवाल्याला बोलवा. झडप ठेवायची का, असे त्याने विचारले तर होय म्हणा.